झगामगा, मला बघा

१९१८ साली ब्लॅकपूलच्या एम्प्रेस बॉलरूममधला नाच बंद पडला होता. ब्रिटिश नौदलाने ते दालन ताब्यात घेतलं होतं आणि 'आर-३३' या अवाढव्य हवाई जहाजाच्या वायूच्या पिशव्या तिथे जोडल्या जात होत्या. साडेबारा हजार चौरस फुटांची गुळगुळीत लाकडी जमीन. कापड पसरायला याहून ऐसपैस जागा त्या गावात दुसरी कुठली असणार? युद्ध संपलं, १९१९ मध्ये दालन मोकळं झालं आणि १९२०च्या ईस्टरच्या आठवड्यात तिथे पहिला ब्लॅकपूल डान्स फेस्टिव्हल भरला. दुसऱ्या महायुद्धातली वर्षं आणि अलीकडची महासाथ सोडली तर तो आजतागायत भरतो आहे. बॉलरूम नाचणाऱ्या जगातल्या कुठल्याही जोडीला विचारा, विम्बल्डनचं नाव टेनिसपटू घेतो त्या सुरात ती ब्लॅकपूलचं नाव घेईल.

या शंभर वर्षांत त्या जमिनीवर कोण जिंकलं याच्या याद्या छापील मिळतात. जिंकणारीच्या अंगावरचा झगा कोणी शिवला, हे त्या याद्यांत नसतं. स्पर्धेच्या झग्याचा धंदा हा असा बिननावाचा आहे. आणि त्याचा इतिहास फॅशनच्या इतिहासात शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही, कारण हा झगा फॅशनच्या मागे कधी नेमाने चाललाच नाही. त्याला वळण दिलं ते जमिनीने, परीक्षकाच्या नजरेने, टीव्हीच्या कॅमेऱ्याने आणि रसायनाच्या कारखान्यांनी.

ब्लॅकपूल हे लँकेशायरचं समुद्रकिनारी गाव. ज्या लँकेशायरच्या कापडाच्या होळ्या १९०५ साली पुण्यात पेटल्या, त्याच कापडाच्या गिरण्यांतले कामगार वर्षातून एक आठवडा गिरणी बंद ठेवून इथे हवा खायला यायचे. गावंच्या गावं पाळीपाळीने यायची. त्यांच्यासाठी टॉवर उभा राहिला, विंटर गार्डन्स उभी राहिली, त्यांतच १८९६ साली एम्प्रेस बॉलरूम झाली आणि १८९९ साली फ्रँक मॅचम या वास्तुविशारदाने सजवलेली टॉवर बॉलरूम. तिच्या जमिनीत महोगनी, ओक आणि अक्रोडाच्या लाकडाचे ३०,६०२ तुकडे बसवले आहेत. राजवाड्यातला नाच इथे तिकीट काढून गिरणीतल्या पोरीला नाचता येत होता. झगा मात्र तिचा तिलाच शिवावा लागे.

स्पर्धेच्या झग्याचं गणित समजायचं तर आधी परीक्षकाच्या जागी उभं राहायला हवं. एक नाच साधारण दीड ते दोन मिनिटं चालतो. पहिल्या फेऱ्यांत एका वेळी डझनभर जोड्या जमिनीवर असतात. दीड मिनिटाला बारा जोड्यांनी भागा. एका जोडीच्या वाट्याला साडेसात सेकंद येतात. तेवढ्यात परीक्षकाने तिला पाहायचं, जोखायचं आणि पुढच्या फेरीसाठी तिच्या नंबरावर खूण करायची की नाही ते ठरवायचं. नंबर असतो पुरुषाच्या पाठीवर टाचलेला. नजर खेचून आणायचं काम बाईच्या झग्याचं. मराठीत 'झगामगा, मला बघा' असं आपण नाक मुरडून म्हणतो. इथे तीच नोकरीची अट आहे.

पण नुसतं झगमगून भागत नाही. ज्याने नजर खेचली तोच झगा मग नाचातले दोषही दाखवतो. खांदा वर गेला की वरचं कापड सुरकुततं, वळण अर्धवट राहिलं की घेर अर्ध्यातच मिटतो, पावलांत हिसका असला तर तो काठापर्यंत पोचतो. चांगली शिवणारी बाई नाचणारीचे गुण उठावदार करते आणि दोष झाकते. त्यासाठी तिला नाच कळावा लागतो, आणि म्हणूनच या धंद्यात आलेल्या बहुतेकजणी, आणि काहीजण, एकतर स्वतः नाचलेले असतात किंवा नाचणाऱ्या मुलीच्या आया असतात.

सुरुवात ब्लॅकपूलच्याही आधीची. १९१०च्या सुमाराला पॅरिसने बायकांना घोट्याशी इतका अरुंद स्कर्ट दिला होता की चालताना पावलं मोजून टाकावी लागत. त्याच सुमाराला टँगो आला. आता त्या स्कर्टात टँगो कसा नाचायचा? उत्तर होतं कापडाला फाट देणं, आणि त्या फाटीवरून वर्तमानपत्रांत भरपूर आरडाओरडा झाला. व्हर्नन आणि आयरीन कॅसल हे त्या काळचं सगळ्यात गाजलेलं नाचणारं जोडपं. १९१४ साली त्यांचं 'मॉडर्न डान्सिंग' हे पुस्तक निघालं, त्यात पावलांच्या धड्यांबरोबर नाचताना बायकांनी काय घालावं यावरही प्रकरण आहे. आयरीनचे कपडे लंडनची नामांकित शिवणकार 'लुसील' करायची. लेडी डफ गॉर्डन म्हणजे तीच, 'टायटॅनिक'मधून वाचलेल्या प्रवाशांत तीही होती. हलकं, तरंगतं कापड, सैल कंबर, मोकळे पाय. आयरीनने केस कापले, तर हजारोंनी कापले. नाचणारीच्या सोयीतून कपडा ठरतो, हे तिने लोकांच्या गळी उतरवलं.

पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये नाचशिक्षकांनी एकत्र बसून पावलं पक्की केली. 'डान्सिंग टाइम्स'चे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी १९२० साली त्यासाठी परिषद बोलावली. १९२२ साली व्हिक्टर सिल्व्हेस्टर आणि फिलिस क्लार्क यांनी पहिली जागतिक बॉलरूम स्पर्धा जिंकली. स्पर्धा आली, नियम आले, तरी वेगळा असा 'स्पर्धेचा झगा' अजून नव्हता. पोरी संध्याकाळी घालायचा चांगला झगाच घालून येत. विसाच्या दशकातले ते सरळसोट, काचमण्यांनी मढवलेले झगे फोटोत झकास दिसतात; नाचायला ते जड. मण्यांच्या वजनाने पातळ कापड उसवायचं. टिकल्या तर त्याहून नाजूक. त्या काळी पुष्कळ टिकल्या जिलेटिनच्या असत आणि ओल व ऊब लागली की विरघळत. नाचताना घाम येतोच, आणि जोडीदाराचा गरम तळवा पाठीवर असतोच.

तिसाच्या दशकात कापड उरेब कापायची पद्धत सगळीकडे गेली. पॅरिसच्या मादलेन व्हिओने या शिवणकारिणीने तिची कमाल केली होती. ती लाकडाच्या छोट्या बाहुलीवर कापड गुंडाळून झगे रचायची. उरेब कापडाला स्वतःचा ताण असतो. ते अंगाला धरून खाली येतं, गुडघ्यापाशी सुटतं आणि वळताना मागे राहून मग येतं. वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉटला हवा असतो तो नेमका हा किंचित उशीर. पाऊल पुढे गेलेलं असतं, काठ मागून पोचतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की चाल संपलीच नाही.

या सगळ्याची जाहिरात हॉलिवूडने केली, आणि धोकेही त्यानेच दाखवून दिले. १९३५च्या 'टॉप हॅट'मध्ये जिंजर रॉजर्सने फिक्या निळ्या, शहामृगाच्या पिसांनी लगडलेल्या झग्याचा हट्ट धरला. बर्नार्ड न्यूमन यांनी तो केला होता. नाच सुरू झाला आणि पिसं सुटायला लागली. जोडीदार फ्रेड अॅस्टेअरच्या कोटावर, नाकात, डोळ्यांत. तो वैतागला, बरीच वादावादी झाली, पिसं पुन्हा नीट टाचली गेली तरी पडद्यावर आजही एखाददुसरं तरंगताना दिसतं. नंतर अॅस्टेअरने तिला सोन्याचं इवलंसं पीस भेट दिलं आणि 'फेदर्स' हे नाव तिला कायमचं चिकटलं. पुढच्याच वर्षी 'फॉलो द फ्लीट'मध्ये तिच्या झग्याच्या जड, मणीजडित बाहीने वळता वळता त्याच्या तोंडावर सणसणीत फटका दिला. पुढे कितीतरी टेक झाले, आणि शेवटी चित्रपटात ठेवला तो फटका बसलेला पहिलाच. शिवणारीच्या दृष्टीने दोन्ही गोष्टींत धडा एकच आहे. झगा एकटीने घातला तरी नाचतात दोघं, म्हणून तो दोघांसाठी शिवायचा.

मग युद्ध. जून १९४१ ते मार्च १९४९ ब्रिटनमध्ये कपड्यांना कूपन लागत होतं. फेस्टिव्हल १९४६ला पुन्हा सुरू झाला तेव्हा कपाटं रिकामी होती. बायका पॅराशूटच्या कापडाच्या पट्ट्या उसवून त्यातून कपडे शिवत होत्या. फेब्रुवारी १९४७मध्ये ख्रिस्तिआन दिओरने पॅरिसमध्ये बारीक कंबर आणि भरमसाट घेराचे झगे दाखवले, आणि कूपनवर जगणाऱ्या बायकांनी ती चित्रं पाहून काय उसासे टाकले असतील याची कल्पना करावी. रेशनिंग सुटलं तेव्हा तो सगळा दाबलेला हव्यास बॉलरूममध्ये उसळून आला. नायलॉनची जाळी आता स्वस्त मिळत होती. ती धुता येते, कडक राहते आणि वजनाला नगण्य. थरावर थर चढले. मापं वारात सांगितली जाऊ लागली.

आणि ती मापं देशभर ऐकवायला टीव्ही आला.

'कम डान्सिंग' हा कार्यक्रम बीबीसीवर पन्नाशीच्या सुरुवातीला चालू झाला आणि १९९८पर्यंत चालला. त्याचा जनक एरिक मॉर्ली, मेक्का या नाचघरांच्या कंपनीचा माणूस. 'मिस वर्ल्ड' स्पर्धाही त्यानेच १९५१ साली काढली. एकेका प्रांताचे संघ एकमेकांशी नाचायचे आणि निवेदक प्रत्येक जोडीची ओळख करून द्यायचा: मुलगा बँकेत कारकून, मुलगी टायपिस्ट, झग्याला अमुक इतके वार जाळी, आणि त्यावरच्या हजारो टिकल्या तिच्या आईने हाताने टाचल्या आहेत. टिकल्यांचा हा आकडा पुढे ब्रिटनमध्ये चेष्टेचा विषय झाला. विनोदी कार्यक्रमांनी त्याची टर उडवली. त्या टरेत खरी गोष्ट बुडाली ती अशी की निवेदक बोलत होता ते बऱ्याच घरांत अक्षरशः घडत होतं. दिवसभर नोकरी, संध्याकाळी मुलीचा सराव, रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर झगा पसरून आईचं टाचणं. झगा विकत घेण्याची ऐपत कितीजणांची होती?

पेगी स्पेन्सरचं नाव इथे घ्यायलाच हवं. दक्षिण लंडनच्या पेंज भागात ती आणि तिचा नवरा फ्रँक नाच शिकवत आणि त्यांचे 'फॉर्मेशन' संघ 'कम डान्सिंग'मध्ये गाजत. फॉर्मेशन म्हणजे आठ जोड्यांनी एकदम, कवायतीसारखं नाचणं. आता शिवणारीची अडचण बघा. आठ बायका, आठ उंच्या, आठ बांधे. पण वरून कॅमेऱ्याने पाहिलं तर आठही घेर एकाच उंचीवर, एकाच मापाने फुलायला हवेत. एकीचा काठ दोन बोटं खाली राहिला तर फूल मोडतं. बीटल्सच्या 'मॅजिकल मिस्टरी टूर' या १९६७च्या चित्रपटात पांढऱ्या कोटांतले बीटल्स जिना उतरून येतात त्या दृश्यातले नर्तक पेगीच्याच चमूचे होते.

१९६९च्या नोव्हेंबरात बीबीसीच्या मुख्य वाहिनीवर रंग आला. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर झग्याजवळ दोनच हत्यारं होती, आकार आणि चमक. रंग काहीही असला तरी तो राखाडीच दिसायचा. आता भडक नारिंगी, पोपटी, निळे, सगळे बाहेर पडले. त्या काळच्या चित्रफिती आज बघताना डोळे मिटावेसे वाटतात, पण तो मोह कोणाला आवरला असता!

चमकीची गोष्ट वेगळीच, आणि ती ऑस्ट्रियात घडते. बोहेमियातला काचकाम करणारा डॅनिएल स्वारोवस्की याने १८९२ साली विजेवर काचेला पैलू पाडायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १८९५ साली तो टिरोल प्रांतातल्या वॅटेन्स गावी गेला. डोंगरातल्या ओढ्यावर वीज स्वस्त होती आणि बोहेमियातले स्पर्धक लांब होते. हाताने जे दिवसभर चालायचं ते यंत्र पटापट करू लागलं आणि काचेचा खडा सामान्य झग्यावर यायच्या लायकीचा झाला. १९५६ साली दिओरबरोबर मिळून त्या कंपनीने खड्यावर धातूचा अतिशय पातळ लेप चढवला. त्यामुळे एकच खडा हलला की निळा, गुलाबी, हिरवा दिसतो. त्याला नाव दिलं 'ऑरोरा बोरिआलिस'. शिवणकामाच्या खोल्यांत ते नुसतं 'एबी' म्हणून चालतं. स्थिर उभ्या मॉडेलपेक्षा फिरणाऱ्या बाईच्या अंगावर हा खडा दसपट खुलतो, आणि दिओरच्या गिऱ्हाइकांपेक्षा त्याचा खरा उपयोग बॉलरूमने केला.

दुसरी रसायनशाळा अमेरिकेतली. १९५८ साली ड्यू पाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्सने ताणून पुन्हा जागेवर येणारा धागा तयार केला, तो लायक्रा या नावाने बाजारात आला. बॉलरूमच्या झग्याचं आतलं सगळं बांधकाम या धाग्याने पालटलं.

ते बांधकाम जरा जवळून बघण्यासारखं आहे. बाहेरून जो झगा दिसतो तो खरं तर पोहण्याच्या पोशाखासारख्या एका ताणल्या जाणाऱ्या अंगरख्यावर टांगलेला असतो. तो दोन पायांमध्ये बंद होतो, त्यामुळे हात कितीही वर गेले तरी काही वर सरकत नाही. नेहमीच्या ब्लाउजचं माप हात खाली सोडून घेतात. इथे बाईला हात उचलून, जोडीदाराच्या खांद्यावर ठेवल्यासारखं उभं करून माप घेतात, कारण ती स्पर्धेत तशीच दिसणार असते. बगलेत चौकोनी किंवा शंकरपाळ्यासारखा तुकडा जोडतात. दोघांची शरीरं कमरेपाशी ज्या बाजूला टेकतात तिथे मोठे खडे लावत नाहीत. नाहीतर कोटाचे धागे निघतात. खालचा घेर कळ्यांचा, कधी दोन-तीन पूर्ण गोलांचा मिळून केलेला. उरेब कापड स्वतःच्या वजनाने लोंबतं, तेही सगळीकडे सारखं नाही, म्हणून झगा आधी टांगून ठेवायचा, लोंबू द्यायचा आणि मगच काठ कापायचा. घाई केली की पहिल्याच स्पर्धेत काठ वेडावाकडा. त्या काठात क्रिनॉल नावाची नायलॉनची विणलेली ताठ पट्टी शिवतात. पूर्वी ती घोड्याच्या केसांची असे. ती पट्टी काठाला पायापासून दूर, गोल धरून ठेवते. पुरुषाचं पाऊल बाईच्या दोन पायांमधून पुढे जात असतं, वेगात. पट्टी नसेल तर टाच काठावर पडते आणि पुढचं सांगायला नको.

मासायुकी सुओ यांच्या १९९६च्या 'शॅल वी डान्स?' या जपानी चित्रपटात नेमकं तेच होतं. कारकून सुगियामाचं लक्ष भर स्पर्धेत विचलित होतं आणि जोडीदारणीच्या स्कर्टवर पाय पडून तो फाटतो. चित्रपट पाहताना प्रेक्षक तिच्या लाजेने कळवळतो. शिवणकाम करणारी मात्र मनात म्हणत असेल, जोड कमरेला कुठल्या टाक्याची दिली होती?

सगळं शिवून झालं की खडे. ते ग्रोसच्या हिशेबाने येतात, एक ग्रोस म्हणजे १४४. झग्यावर साधारण चार ते पाच मिलिमीटरचे, एसएस १६ आणि एसएस २० या मापांचे खडे सर्वांत जास्त लागतात. प्रत्येकाखाली गोंदाचा एक थेंब. थेंब जास्त झाला तर कडेने पसरून काळी कड दिसते, कमी झाला तर खडा जमिनीवर पडतो आणि दुसऱ्या कोणाच्या तरी टाचेखाली येतो. हे काम शिवणीपेक्षा जास्त वेळ खातं. आणि यात यंत्राची मदत जवळजवळ नाही.

आपल्याकडे या कसबाचं उत्तम उदाहरण बॉलरूमच्या बाहेर सापडतं. कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी १९६८च्या 'ब्रह्मचारी'त मुमताजसाठी जी केशरी साडी केली ती मुळात शिवलेली होती. ट्विस्टच्या चालीवर नाचताना निऱ्या सुटू नयेत, साडी तर दिसावी आणि पाय मोकळे राहावेत, असा तो तोडगा. ब्लॅकपूलच्या शिवणखोल्यांनी त्याच प्रश्नाला दिलेलं उत्तर त्यांनी मुंबईत स्वतःच्या वाटेने काढलं. पुढे 'गांधी'साठी मिळालेल्या ऑस्करच्या प्रकाशात ही साडी थोडी मागे पडली, पण कारागिरी म्हणून ती कमी नाही.

लॅटिन नाचांचा झगा हा वेगळ्या वंशाचा. ब्लॅकपूलला लॅटिन स्पर्धा आली ती १९६१ साली. सांबा, चा-चा, रुंबा, पासो दोब्ले, जाइव्ह. इथे घेर वाहायचा नसतो, कंबर दिसायची असते. म्हणून कापड कमी, झालरी आणि लोंबत्या दोऱ्यांचे गोंडे जास्त. कंबरेचा छोटासा झटका गोंड्यांच्या टोकाला मोठा होऊन दिसतो. कापड जसजसं कमी झालं तसतशी नियमांची पानं वाढली. १९९७ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने नाचाच्या जागतिक संघटनेला मान्यता दिली, आणि क्रीडा म्हणवून घ्यायचं तर गणवेशाचे नियम हवेतच. काय झाकलं गेलंच पाहिजे, पुरुषाचा टेलकोट काळा किंवा गडद निळा असावा, सगळं लिहून ठेवलं आहे. त्यातला सर्वांत शहाणा नियम लहान मुलांचा आहे. सर्वांत लहान गटातल्या मुलींना खडे, टिकल्या, आरसे, चमकणारं काहीही चालत नाही. टाचही जास्तीत जास्त साडेतीन सेंटिमीटरची. आठ वर्षांच्या पोरीचे आई-बाप झग्याच्या चढाओढीत कर्जबाजारी होऊ नयेत, आणि परीक्षकाने पावलं पाहावीत. मोठ्यांसाठीही असा नियम का करत नाहीत, असा प्रश्न कोणी विचारला तर या धंद्यातली माणसं विषय बदलतील.

आता थोडं पैशाविषयी. मोठ्या गटात नाचणारीचा नवा झगा हजारो पौंडांना पडतो. आईने टेबलावर टाचायचे दिवस ऐंशीच्या दशकापासून मागे पडत गेले. खास कापड, खडे, पिसं विकणाऱ्या आणि झगे मापाने करून देणाऱ्या कंपन्या इंग्लंडमध्ये उभ्या राहिल्या, आणि त्यांनी देशोदेशी माल धाडला. ब्लॅकपूलला स्पर्धेच्या दिवसांत विंटर गार्डन्समध्ये दुकानं लागतात, तिथे सकाळी हातात घेतलेला झगा रात्री जमिनीवर दिसू शकतो. आणि एक मजेशीर रीत: आघाडीची नर्तिका तोच झगा फार काळ घालत नाही, विकून टाकते. तो दुसऱ्या देशातल्या खालच्या गटातल्या मुलीकडे जातो, तिच्याकडून तिसरीकडे. प्रत्येक मुक्कामी कोणीतरी तो उसवतं, आवळतं, सुटलेले खडे भरतं. या धंद्यातल्या निम्म्या बायकांचं पोट नव्या झग्यावर नाही, या दुरुस्त्यांवर चालत असेल तर नवल नाही.

हे जग बाहेरच्यांना दाखवलं ते एका ऑस्ट्रेलियन चित्रपटाने. त्याचा दिग्दर्शक बाझ लुहरमन स्वतः लहानपणी बॉलरूम शिकलेला. त्याच्या १९९२च्या 'स्ट्रिक्टली बॉलरूम'मधले झगे इतके भडक आहेत की परक्याला ती थट्टा वाटावी. बॉलरूमवाल्यांना मात्र त्यात आपली घरची मंडळी दिसली. वेशभूषेसाठी कॅथरीन मार्टिनला बाफ्टा पारितोषिक मिळालं. बीबीसीने २००४ साली जुन्या कार्यक्रमाचं आणि या चित्रपटाचं नाव जोडून 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' सुरू केला, अमेरिकेत २००५ला 'डान्सिंग विथ द स्टार्स' आला, आणि २००६ला आपल्याकडे 'झलक दिखला जा'. अमेरिकन कार्यक्रमाची वेशभूषा सुरुवातीच्या अनेक सीझनांत रँडल क्रिस्टेन्सन यांनी केली. ते आधी स्वतः स्पर्धेत नाचलेले आणि अॅरिझोनात स्पर्धकांचे झगे शिवणारे होते. त्यांना एमी मिळालं. बॉलरूमच्या झग्याला नावानिशी मान मिळाल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्यातला हा एक.

पण टीव्हीचा झगा आणि स्पर्धेचा झगा यांत फरक आहे. टीव्हीसाठी शिवणखोलीला आठवडाभर मिळतो, झगा एकदा दीड मिनिट नाचतो, आणि घालणारी नटी किंवा खेळाडू असते, जिने दोन महिन्यांपूर्वी वॉल्ट्झ ऐकलाही नसेल. तिथे झगा नाच सावरून घेतो. स्पर्धेत तो फेरीमागून फेरी, पाच-पाच नाच, घामात भिजून पुन्हा वाळून टिकावा लागतो. टिकण्याची ही परीक्षा टीव्ही घेत नाही, म्हणून तिथले झगे बघून जुन्या शिवणकारिणी नाक मुरडतात. त्यांचं बरोबरच आहे.

अलीकडचा धक्का खड्यांचा. स्वारोवस्कीने २०२०मध्ये धंद्याची फेररचना जाहीर केली आणि पुढे हौशी व छोट्या शिवणकारांना सुटे खडे विकणं बंद केलं. ज्यांच्या वह्यांत सगळे रंग त्या कंपनीच्या नावांनी लिहिलेले होते त्यांना पर्याय शोधावे लागले. बऱ्याचजणी चेक प्रजासत्ताकातल्या प्रेसिओसाकडे वळल्या. म्हणजे डॅनिएल स्वारोवस्की ज्या बोहेमियातून स्पर्धकांना चुकवून निघाला होता, त्याच मुलखातला खडा आता ब्लॅकपूलच्या झग्यांवर आहे.

मुंबई-पुण्यातही आता बॉलरूम आणि लॅटिनचे वर्ग चालतात आणि पोरं स्पर्धांना जातात. तुमच्या घरातलं कोणी त्यात असेल तर नवा झगा घेऊ नका. वापरलेला घ्या, आणि वाचलेले पैसे गल्लीतल्या चांगल्या टेलरला द्या. फक्त माप देताना मुलीला हात वर करून उभं करा.